गटप्रमुखाची पाळी

मुंबई–हावडा मार्गावरून भंडाऱ्याला येणारा प्रवासी वरठीला उतरतो. स्टेशन वरठीत असले तरी पाटीवर नाव आहे ‘भंडारा रोड’. दहा-बारा किलोमीटरवरचे जिल्ह्याचे शहर, आजूबाजूची खेडी, धानाचा आणि कारखान्याचा माल या सगळ्यांच्या वतीने हे एक ठिकाण दीडशे वर्षांच्या आसपास रेल्वेशी व्यवहार करत आले आहे. १८८०च्या सुमारास नागपूर–छत्तीसगड रेल्वेचा मीटरगेज मार्ग या भागातून गेला. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल–नागपूर रेल्वेने तो ताब्यात घेऊन ब्रॉडगेज केला आणि १८९१ मध्ये नागपूर थेट आसनसोलशी जोडले गेले. रुळांसोबत तारयंत्राच्या ताराही आल्या. गाडी सोडण्यापूर्वी पुढच्या स्टेशनाकडून ‘लाइन क्लिअर’ घ्यायचे, ती पोचली की मागच्या स्टेशनाला कळवायचे, हा व्यवहार वरठीने एका बाजूला खात आणि दुसऱ्या बाजूला कोका या शेजाऱ्यांशी चालवला. पुढे नियंत्रण कक्षाचा टेलिफोन आला. एकाच तारेवर अनेक स्टेशने आणि कक्षातला नियंत्रक बसू लागले. सगळे एकदम बोलले तर कुणाचेच ऐकू जाणार नाही, म्हणून बोलण्याला क्रम आला. फाटकावरचा गेटमन आणि सांधे बदलणारा पॉइंट्समन स्टेशनमास्तरला सांगणार, स्टेशनमास्तर सगळ्यांचे मिळून एक वृत्त वर देणार. पुष्कळ लहान ठिकाणांचा एक गट, त्या गटाचा एक प्रमुख आणि वरच्या केंद्राशी बोलण्याचे काम त्या प्रमुखाकडे, अशी ही घडी होती.

हीच घडी विसाव्या शतकाच्या अखेरच्या वीस वर्षांत बिनतारी संवेदक-जाळ्यांच्या अभ्यासकांपुढे नव्या रूपात उभी राहिली. संवेदक म्हणजे तापमान, ओलावा, कंपन, पाण्याची पातळी असे काही मोजणारे उपकरण. त्याला छोटा संगणक, रेडिओ आणि बॅटरी जोडली की त्याचा ‘नोड’ होतो. असे शेकडो नोड शेतात, जंगलात किंवा पुलावर पसरले तर प्रत्येकाने दूरच्या केंद्राशी थेट बोलावे, की त्यांचे गट करून प्रत्येक गटाच्या प्रमुखाने बोलावे? या प्रश्नाच्या उत्तराचा १९८१ ते २००४ हा इतिहास अभियांत्रिकीच्या पुस्तकांत सूत्रांच्या रूपाने सापडतो. त्याचा अर्थ मात्र त्या पुस्तकांपुरता नाही. त्यातून निघणारा निष्कर्ष असा: गट केल्याने एकूण खर्च वाचतो, पण उरलेला खर्च एकाच्या डोक्यावर साठतो; ते ओझे फिरते राहील याची सोय आधीच केली नसेल, तर गट करणे हे गट न करण्यापेक्षाही महाग पडते. हे विधान मोठे वाटेल, म्हणून त्याचा पुरावा क्रमाने तपासायला हवा.

सुरुवात युद्धाच्या गरजेतून झाली. डिसेंबर १९७८ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेने, म्हणजे दार्पाने, कार्नेगी मेलन विद्यापीठात विखुरलेल्या संवेदक-जाळ्यांवर एक कार्यशाळा भरवली. स्वस्त, लहान आणि एकमेकांशी सहकार्य करणारी अनेक केंद्रे असावीत, ही कल्पना तिथे मांडली गेली. त्याच काळात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत डेनिस बेकर आणि मेरीलँड विद्यापीठाचे अँथनी एफ्रेमिडिस समुद्रावर फिरणाऱ्या जहाजांच्या रेडिओसंपर्काचा विचार करत होते. जहाजे सतत जागा बदलतात, कोणते जहाज कुणाच्या टप्प्यात आहे हे तासातासाला बदलते आणि युद्धात मध्यवर्ती केंद्रच बुडू शकते. म्हणून जाळ्याने आपली रचना आपणच, कुठल्याही मध्यवर्ती आज्ञेविना उभी करावी, असा त्यांचा हेतू होता. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातली रीत मोठी सुटसुटीत होती. प्रत्येक रेडिओला एक क्रमांक असेल. प्रत्येकाने आपले शेजारी कोण आहेत ते ऐकून घ्यावे आणि ज्याचा क्रमांक आपल्या शेजाऱ्यांत सर्वांत मोठा असेल त्याने गटप्रमुख व्हावे. दोन गटांच्या सीमेवरचे रेडिओ त्यांच्यातले दुवे होतील, बाकीचे साधे सदस्य राहतील. पुढे १९८७च्या निबंधात सर्वांत लहान क्रमांकाचा नियम आला, पण तत्त्व तेच राहिले.

ही रचना खरोखर अभिनव होती. सर्वज्ञ केंद्राशिवाय, केवळ शेजाऱ्यांशी बोलून, सारे जाळे गटांत बसते हे तिने दाखवून दिले. पण प्रमुख कोण, हे ती क्रमांकावर ठरवत होती आणि क्रमांक तर उपकरणाला जन्मापासून चिकटलेला. मराठी वाचकाला ही व्यवस्था ओळखीची वाटेल, कारण ती वतनाची आहे. पाटीलकी ज्या घरात जन्माने आली त्याच घरात राहिली. अंगी ताकद किती आणि ती ताकद किती दिवस पुरणार, हा प्रश्न वतनाने विचारला नाही. नौदलाला तो विचारण्याची निकड नव्हती. जहाजावर इंजिन होते, जनित्र होते, रेडिओला विजेची ददात नव्हती. दुर्मीळ होता तो संपर्क, वीज दुर्मीळ नव्हती. त्यामुळे क्रमांकाचे वतन तिथे चालून गेले. कुठलीही व्यवस्था योग्य की अयोग्य हे तिच्यात काय दुर्मीळ आहे त्यावर ठरते, हे इथे ध्यानात ठेवावे लागते, कारण पुढच्या दोन दशकांत दुर्मिळता एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकली.

१९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत क्रिस्टोफर पिस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्मार्ट डस्ट’, म्हणजे धुळीच्या कणाएवढ्या संवेदकांचे स्वप्न मांडले. प्रत्यक्षात आलेले नोड काडेपेटीच्या आसपासच्या आकाराचे होते आणि बाजारात मिळणाऱ्या दोन साध्या सेलवर चालत. ते एकदा पसरल्यावर सेल बदलायला कुणी जाणार नाही, हे गृहीतच होते. नोडचे आयुष्य म्हणजे त्याच्या सेलचे आयुष्य. आणि या नोडमध्ये विजेचा मोठा वाटा विचार करण्यात खर्च होत नाही, रेडिओवरून बोलण्यात होतो. त्यातही अंतर वाढले की खर्च अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: दुप्पट लांब बोलायचे तर चौपट जोर, पाचपट लांब बोलायचे तर पंचवीसपट. म्हणून जवळच्या प्रमुखाला हळू आवाजात सांगावे आणि मोठ्याने ओरडण्याचे काम त्याने एकट्याने करावे, ही गटाची कल्पना इथे आपोआप आकर्षक ठरली.

तिचा हिशेब मांडून पाहणे आवश्यक आहे, कारण सारा युक्तिवाद त्यावर उभा आहे. या विषयातल्या संशोधकांनी वापरलेले ठोकताळे घेऊ. एक बिट पाठवताना किंवा घेताना रेडिओचे मंडल ५० नॅनोज्यूल खाते. शिवाय पाठवताना अंतराच्या प्रत्येक वर्गमीटरमागे १०० पिकोज्यूल जास्त लागतात. निरोप २,००० बिटांचा धरू, केंद्र १०० मीटरवर धरू, नोड २० धरू. प्रत्येकाने थेट केंद्राशी बोलायचे ठरवले तर दर निरोपाला २.१ मिलिज्यूल लागतात. वीस जणांचे ४२. आता गट करू. एकोणीस सदस्य २० मीटरवरच्या प्रमुखाला सांगतात. प्रत्येकी खर्च फक्त ०.१८ मिलिज्यूल. प्रमुख एकोणीस निरोप ऐकतो, आपल्यासह वीसांचे सार काढतो आणि एकच निरोप केंद्राला धाडतो. ऐकण्याचे १.९, सार काढण्याचे सुमारे ०.२ आणि धाडण्याचे २.१ मिळून त्याचा खर्च ४.२ मिलिज्यूल होतो. साऱ्या गटाचा खर्च ७.६२, म्हणजे आधीच्या ४२च्या एक पंचमांशाहूनही कमी. इथवर गट करण्याची बाजू निर्विवाद दिसते.

पण याच आकड्यांची दुसरी ओळ वाचावी. सदस्याचा खर्च ०.१८ आणि प्रमुखाचा ४.२, म्हणजे तेवीसपट. प्रत्येकाच्या सेलमध्ये अर्धा ज्यूल ऊर्जा आहे असे धरले, तर थेट बोलणारा नोड २३८ फेऱ्या जगतो. गटाचा कायमचा प्रमुख मात्र ११९ फेऱ्यांतच संपतो, म्हणजे गट नसता तर जितका जगला असता त्याच्या निम्मा काळ. तो संपला त्या क्षणी एकोणीस सदस्यांच्या सेलमध्ये ९५ टक्क्यांहून अधिक ऊर्जा शिल्लक असते, पण त्यांचे ऐकणारा कुणी उरलेला नसतो. एकूण बचत पाचपटीहून जास्त आणि तरी जाळे आधीपेक्षा लवकर मुके. सरासरी पाहणाऱ्याला हे दिसत नाही. कुणाचा सेल आधी उतरतो हे पाहणाऱ्यालाच दिसते. आता तेच प्रमुखपण वीसही नोडांत पाळीपाळीने फिरवले, तर प्रत्येकाच्या वाट्याला दर फेरीला सरासरी ०.३८१ मिलिज्यूल येते आणि सारा गट मिळून १,३०० फेऱ्यांच्या पुढे जातो. ऊर्जा तीच, काम तेच, यंत्रे तीच. फरक केवळ पाळीचा आणि आयुष्य अकरापट.

हा फरक नेमकेपणाने ओळखण्याचे श्रेय मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या तिघांकडे जाते: वेंडी हाइन्झेलमन, चेन्नईत जन्मलेले अनंत चंद्रकासन आणि आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले हरी बालकृष्णन. जानेवारी २००० मध्ये हवाईतल्या परिषदेत त्यांनी ‘लीच’ या नावाने ओळखली जाणारी पद्धत मांडली. तिचे वैशिष्ट्य निवडणुकीच्या नियमात आहे. कुणी कुणाला निवडत नाही, केंद्र कुणाला नेमत नाही. फेरी सुरू होताना प्रत्येक नोड शून्य ते एक यांच्यामधला एक आकडा मनाशी काढतो; तो ठरलेल्या मर्यादेखाली आला तर तो स्वतःला प्रमुख जाहीर करतो आणि बाकीचे आपल्याला जवळचा प्रमुख पाहून त्याच्या गटात जातात. पाच टक्के प्रमुख हवे असतील तर वीस फेऱ्यांचे एक आवर्तन होते. पहिल्या फेरीत मर्यादा ०.०५ असते, ज्याची पाळी होऊन गेली तो आवर्तन संपेपर्यंत बाजूला राहतो आणि उरलेल्यांसाठी मर्यादा वाढत जाते. अकराव्या फेरीला ती ०.१० होते, विसाव्या फेरीला पूर्ण १. म्हणजे ज्याने अजून भार उचललेला नाही, त्याला शेवटच्या फेरीत तो उचलावाच लागतो. कुणाकडे नोंदवही नाही, देखरेख करणारा नाही आणि तरी वीस फेऱ्यांत प्रत्येकाची पाळी एकदा येतेच. त्यांच्या संगणकीय प्रयोगांत शंभर नोडांच्या जाळ्यातला पहिला नोड बंद पडण्याचा क्षण थेट बोलण्याच्या किंवा कायम गटांच्या पद्धतीपेक्षा आठपटींहून उशिरा आला आणि शेवटचा नोड तिपटीहून उशिरा बंद पडला. त्यांनी तुलनेसाठी ‘कायम गट’ मुद्दाम घेतले होते, ही गोष्ट महत्त्वाची आहे. त्या तुलनेमुळेच सिद्ध झाले की लाभ गटाचा एकट्याचा नव्हता, त्याला पाळीची जोड होती.

यावर पहिला आक्षेप अभियंत्यांकडूनच आला आणि तो रास्त होता. चिठ्ठी टाकून प्रमुख ठरवला तर ज्याचा सेल आधीच उतरला आहे त्याच्यावरही भार येईल. एका कोपऱ्यात तीन प्रमुख आणि दुसऱ्यात एकही नाही असेही घडेल. शिवाय दर फेरीला नव्याने गट बांधण्याचा खर्च आहेच, जो वरच्या माझ्या हिशेबात धरलेला नाही. पुढच्या चार वर्षांतले काम याच उणिवांभोवती फिरले. लीचच्या कर्त्यांनीच २००२च्या विस्तृत निबंधात एक केंद्रीय पर्याय दिला: नोडांनी आपली जागा आणि शिल्लक ऊर्जा केंद्राला कळवावी आणि केंद्राने गट पाडावेत. आरती मंजेश्वर आणि धर्म अग्रवाल यांनी २००१ मध्ये सुचवले की मोजमापात दखल घेण्याजोगा बदल झाल्याशिवाय सदस्याने बोलूच नये. पर्ड्यू विद्यापीठातल्या ओसामा युनिस आणि सोनिया फाहमी यांनी २००४ साली ‘हीड’ या पद्धतीत प्रमुखपणाची शक्यता शिल्लक ऊर्जेशी बांधली: ज्याच्याकडे जास्त उरले आहे त्याने आधी पुढे यावे. त्याच वर्षी जॉर्जियोस स्मारागदाकिस, इब्राहिम मट्टा आणि अझर बेस्तावरोस यांनी असमान ऊर्जेच्या नोडांसाठी पाळ्याही असमान ठेवल्या. मोठ्या सेलवाल्याला पाळ्या जास्त. या साऱ्या सुधारणा नीट पाहिल्या तर आक्षेपाचे उत्तर त्यांतच आहे. प्रत्येकाने चिठ्ठी बदलली, निकष बदलला, वाटप बदलले. क्रमांकाच्या वतनाकडे परत कुणी गेले नाही. ‘पाळी समान असावी’ हा पहिला मसुदा होता, ‘पाळी कुवतीप्रमाणे असावी’ ही त्याची दुरुस्ती झाली.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. हे सारे संगणकावर घडले. प्रत्यक्ष जमिनीवर जी जाळी पसरली त्यांत प्रमुख फिरलाच नाही. २००२च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या मेन राज्यातल्या ग्रेट डक बेटावर समुद्रपक्ष्यांच्या बिळांत आणि आसपास बत्तीस नोड ठेवले गेले. तिथे नोडांचा समूह, त्यावर एक प्रवेशद्वार-केंद्र आणि त्यावर तळाचे केंद्र अशी पायऱ्यांची कायम रचना होती. महाराष्ट्रात आयआयटी मुंबईच्या उदय देसाई, शब्बीर मर्चंट आणि सहकाऱ्यांनी ‘अ‍ॅग्रीसेन्स’ प्रकल्पात नाशिकच्या सुला द्राक्षमळ्यात हवेचे तापमान, आर्द्रता, मातीतला ओलावा मोजणारे नोड लावले. मळ्यातली माहिती एका ठिकाणी जमून मोबाइल जाळ्यातून पुढे जात असे. आज शेतांत आणि शहरांत वापरात असलेली लोरावॅनसारखी जाळी तर सरळसरळ एका पायरीची आहेत: प्रत्येक उपकरण थेट गच्चीवरच्या किंवा मनोऱ्यावरच्या गेटवेशी बोलते आणि गेटवेला विजेची कायम जोडणी असते. मग पाळीचा सिद्धान्त निबंधांपुरताच राहिला असे म्हणावे का?

माझे उत्तर असे की सिद्धान्ताने आपली अट स्पष्ट सांगितली होती आणि व्यवहाराने त्या अटीपासून सुटका करून घेतली. पाळी लागते ती सगळे समान आणि सगळे मर्यादित असतात तेव्हा. एकाला सौरपट्टी किंवा विजेची तार दिली की तो समानांतला एक राहत नाही. तो वरठीच्या स्टेशनासारखा होतो. हा पर्याय चांगला आहे आणि परवडत असेल तिथे तोच निवडावा. पण त्याने ओझे नाहीसे होत नाही, फक्त जागा बदलते. आता प्रश्न सेलचा न राहता त्या गेटवेची देखभाल कोण करणार याचा होतो: त्याची सौरपट्टी कोण पुसणार, मोबाइलचे पैसे कोण भरणार, प्रकल्पाचा निधी संपल्यावर त्याची किल्ली कुणाकडे. नोडांच्या सेलमध्ये ऊर्जा शिल्लक आणि प्रमुख गेलेला, ही ११९व्या फेरीची अवस्था विजेच्या जोडणीनेही टळत नाही. ती फक्त मोजपट्टीवर फेऱ्यांऐवजी वर्षांत दिसू लागते.

भंडारा जिल्ह्यात या अवस्थेचा फार जुना आणि फार मोठा पुरावा आहे. तलावांचा जिल्हा म्हणून तो ओळखला जातो. गोंड राजवटीच्या काळापासून कोहळी समाजाच्या हातांनी इथे तलाव बांधले गेले. आता गोंदिया जिल्ह्यात असलेल्या नवेगावच्या विशाल बांधाचे श्रेय परंपरा कोलू पाटील कोहळी यांना देते. वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावाला पाणी देतो, तो त्याच्या खालच्या बोडीला, आणि प्रत्येकाखाली धानाच्या बांध्या. पाण्याचे हे गटच आहेत. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केल्यावर १८६०च्या दशकातल्या जमाबंदीने मालगुजारांना गावाचे मालकी हक्क दिले आणि गावाच्या तलावाची व्यवस्थाही त्यांच्या हाताखाली गेली. ही कायम प्रमुखाची रचना होती. गाळ काढणे, पाळ दुरुस्त करणे, पाणी सोडणे यांसाठी श्रम गावाचे आणि ज्ञान कोहळ्यांचे, पण ते एकत्र आणणारे ठिकाण एक. मध्य प्रदेशच्या १९५०च्या कायद्याने मालगुजारी संपली, १९५१ मध्ये हे हक्क शासनाकडे आले. शोषणावर उभा असलेला तो अधिकार जायलाच हवा होता. त्याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. पण प्रमुख गेला तेव्हा त्याचे काम कुणाच्या पाळीला येणार, हे ठरले नाही. शेतकरी होते, माती होती, पाऊस होता, पिढ्यांचे ज्ञान होते, म्हणजे सदस्यांच्या सेलमध्ये ऊर्जा भरपूर होती. तलाव मात्र गाळाने भरत गेले आणि ‘माजी मालगुजारी तलाव’, म्हणजेच ‘मामा तलाव’, या नावात भूतकाळ कायमचा चिकटला. जिल्हा बदलला, राज्य बदलले, पाटबंधारे खाते आले, जिल्हा परिषद आली. प्रत्येक वेळी तलावांना नवा दूरचा प्रमुख मिळाला, गावाच्या आत पाळी बसली नाही.

इथे तिसरा आक्षेप ऐकू येतो: यंत्रांच्या गणितावरून माणसांच्या व्यवस्थेबद्दल बोलणे धोक्याचे आहे. नोडला स्वार्थ नसतो, जात नसते, तो पाळी चुकवत नाही, खोटा आकडा काढत नाही. गावात हे सगळे असते. हा आक्षेप मला मान्य आहे आणि म्हणून मी यंत्रांकडून नीती घेत नाही, फक्त अंकगणित घेतो. समन्वयाचे काम सदस्याच्या कामापेक्षा कितीतरी जड असते आणि गटाचे आयुष्य त्याच्या सर्वांत थकलेल्या घटकावर ठरते, ही दोन विधाने स्वार्थी आणि निःस्वार्थी अशा दोन्ही घटकांना सारखीच लागू आहेत. स्वार्थ आला तर ती अधिक कडक लागू होतात, कारण मग प्रमुखपण कुणाला भार वाटते आणि कुणाला सत्ता, आणि दोन्ही कारणांनी ते एका जागी गोठते. शिवाय मराठी समाजाला पाळी परकी नाही. कालव्याच्या पाण्याला आपण शेजपाळी लावतो. एका वतनाचे अनेक भाऊबंद हक्कदार असले की आळीपाळीने काम पाहण्याची तरतूद मुंबई इलाख्याच्या १८७४च्या वतन कायद्यात होती. म्हणजे जन्माने आलेल्या वतनालाही स्वतःचे ओझे आणि स्वतःचा मान वाटून घेण्यासाठी शेवटी पाळीचा आधार घ्यावा लागला.

हा प्रश्न वैनगंगेच्या काठी आज जिवंत आहे. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस मध्य प्रदेशातून सोडलेल्या पाण्याने वैनगंगेला महापूर आला आणि भंडारा शहरासह नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. केंद्रीय जल आयोगाची पातळी मोजणारी ठाणी या नदीवर आहेत, पवनीचे ठाणे याच जिल्ह्यात आहे. मोठ्या नदीचा असा आधार लहान नाल्यांना आणि तलावांना नाही. तिथे स्वस्त संवेदक लावणे आता अवघड राहिलेले नाही आणि अशा योजना पुढे येत राहतील. त्या येताना नोड किती, टप्पा किती, सेल किती वर्षे चालेल, हे सारे कागदावर असते. वीस वर्षांच्या संशोधनाने जो प्रश्न मध्यभागी आणला तो मात्र त्या कागदावर क्वचितच दिसतो: या गटाचा प्रमुख कोण आणि तो थकल्यावर पुढची पाळी कुणाची? वरच्या तलावाचे गाव, खालच्या तलावाचे गाव, तिथली शाळा, ग्रामपंचायत, मच्छीमार संस्था यांच्यात ही पाळी पहिल्याच दिवशी लिहून ठेवता येते. तिला खर्च नाही. हीडचा धडा पाळला तर ज्याची कुवत जास्त त्याच्याकडे ती अधिक वेळा येईल. लीचचा धडा पाळला तर ती एकालाही कायमची चुकणार नाही आणि एकाकडे कायमची राहणारही नाही.

वरठीचे स्टेशन कायम प्रमुख असूनही एवढी वर्षे टिकले, हे माझ्या म्हणण्याविरुद्ध उदाहरण वाटेल. ते तसे नाही. स्टेशन कायम आहे, पण स्टेशनमास्तर कायम नाही. दिवसपाळी संपते, रात्रपाळी येते. वहीवर सही होते, ‘लाइन क्लिअर’ची जबाबदारी एका हातातून दुसऱ्या हातात जाते आणि गेलेला माणूस घरी जाऊन झोपतो. हीच सोय गावच्या तलावाला आणि त्याच्या काठी उद्या लागणाऱ्या संवेदकाला द्यायची आहे. भंडारा जिल्ह्यात अशी कोणतीही नवी योजना मंजूर करताना ग्रामसभेने पहिला प्रश्न पाळीचा विचारावा आणि त्याचे उत्तर लेखी मिळेपर्यंत पुढच्या मुद्द्याकडे जाऊ नये.